गिरणीच्या सतरा हरकती

नगरपरिषदेची नोटीस गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या खांबावर लागली, तेव्हा मी दाढी करत होतो. समोरच्या घरातल्या कंडक्टरभाऊंनी रस्त्यातूनच हाक मारली.

"सर, बाहेर या! गल्लीत मिरची येऊन राह्यली!"

कंडक्टरभाऊंना एसटीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बोलताना आवाज मागच्या सीटपर्यंत पोचवायची त्यांची सवय गेलेली नाही. मी अर्धी दाढी घेऊन बाहेर गेलो. खांबाभोवती सातआठ जण जमलेच होते. नोटीस साधी होती. कोपऱ्यावरच्या प्लॉटमध्ये, घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, शेड बांधून तिथे पिठाची गिरणी आणि मिरची-मसाल्याचं कांडप यंत्र बसवायची परवानगी मिळावी, असा अर्ज आला होता. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. अर्ज सिस्टरांचा होता.

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. सगळी नोकरी त्यांनी लोणारकडच्या खेड्यांत केली. पावसाळ्यात नाले ओलांडून लसी पोचवल्या, बैलगाडीत बाळंतपणं केली, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीत कोपऱ्यावर घर बांधलं. नवरा वारला, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, आणि त्या मोठ्या घरात त्या एकट्याच राहिल्या. गल्लीत कोणाला ताप आला तर लोक आधी त्यांच्याकडे जात, मग दवाखान्यात. आम्ही दोघं एकाच विहारातले. दर पौर्णिमेला वंदनेला त्या माझ्या पत्नीच्या शेजारी बसत.

हे सगळं आधीच सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते ओळखीपाळखीच्या माणसाशी केलं. अनोळखी माणसाशी केलं असतं तर एवढं लिहायला बसलो नसतो.

त्याच दिवशी दुपारी कंडक्टरभाऊंच्या ओट्यावर गल्लीची बैठक झाली. पुरुष सगळे आले. बायका आपापल्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"पिठाच्या चक्कीचं एक वेळ चालून जाईन," कंडक्टरभाऊ म्हणाले. "पण मिरचीचं काय? एक वारा सुटला की अख्खी गल्ली शिंकत बसन. हरकत घ्याच लागते. सर, तुमाले लिहा लागते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी हायस्कुलात मराठी शिकवायचो. निवृत्तीनंतर माझ्या लेखनाचा एकच प्रकार गावात खपतो, तो म्हणजे अर्ज. नळाला पाणी येत नाही इथपासून पोराला खामगावला वसतिगृह मिळावं इथपर्यंत सगळे अर्ज मी लिहितो. पण ते सगळे दोन-चार ओळींचे. कोणी मला एवढं मोठं, एवढं तेजस्वी काही लिहायला सांगितलंच नव्हतं. खरं सांगतो, गिरणी झाली काय आणि न झाली काय, माझं काही अडत नव्हतं. मला फक्त हरकत लिहायची होती. तहानलेल्या माणसापुढे पाण्याचा गडवा ठेवावा तसं झालं.

"सगळ्यांनी मिळून एकच हरकत देऊन उपयोग नाही," मी म्हणालो. "एका हरकतीला एक नकार पुरतो. प्रत्येक घराची वेगळी हरकत पाहिजे. कारण वेगळं, भाषा वेगळी."

ही माझी कल्पना सगळ्यांना फार आवडली. संध्याकाळपासून माझ्या घराबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर रांग लागली. मी सांगायचो आणि ज्याने त्याने आपापल्या अक्षरात लिहून घ्यायचं, असा नेम ठरला, म्हणजे अक्षरावरून काही कळायला नको. कंडक्टरभाऊंना दमा पाहिजे होता. पण दमा आधीच त्यांच्या शेजाऱ्याने घेतला होता, म्हणून ते जरा रुसले. मग त्यांना मी 'हृदयाची अनामिक धडधड' दिली, त्यावर ते खूश झाले. गल्लीच्या टोकाला एकाची म्हैस होती.

"यंत्राच्या आवाजानं ती दूध चोरन, असं लिहा," तो म्हणाला.

मी लिहिलं : 'मुका जीव आपली व्यथा बोलून दाखवू शकत नाही, एतदर्थ हा अर्ज.' त्याला 'एतदर्थ' म्हणजे काय ते कळलं नाही, पण त्याने मान डोलावली. एकाच्या मुलीची बारावी होती. एकाला नुसता कंटाळा आला होता, त्याला मी 'मानसिक स्वास्थ्य' दिलं. चौथी हरकत मी स्वतःच्या नावाने दिली आणि ती मला सर्वांत ठोस वाटत होती. गल्लीतला रस्ता अत्यंत अरुंद असून दळणाच्या गाड्या आल्यास रहदारीचा खोळंबा होईल, असं मी लिहिलं. सगळ्या मिळून सतरा हरकती झाल्या.

आमची ही चहा-बिस्किटांची साहित्यसभा चालू असताना पत्नी दोन वेळा बाहेर आली. एकदा कप ठेवायला आणि एकदा कप उचलायला. दोन्ही वेळा काही बोलली नाही. हिचं न बोलणं ही काही साधी गोष्ट नाही, हे मला चाळीस वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं. पण मी त्या वेळी म्हशीच्या व्यथेत गुंतलो होतो.

त्यानंतरच्या पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी माझा आवाज खाली आला. खोटं बोलणार नाही, असं ते शील. सिस्टर दोन रांगा पुढे बसलेल्या. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा खणखणीत होता.

आठवड्याभराने एका सकाळी सिस्टर स्वतः आमच्या दारात उभ्या. हातात कागदांचा गठ्ठा.

"सर, थोडं काम होतं. नगरपरिषदेनं हे पाठवलं. सतरा जणाइनं हरकत घेतली म्हनते. प्रत्येकीवर खुलासा द्या म्हनते, लेखी. आता मले सुई टोचता येते, लिहिता थोडंच येते! तुमीच लिहून द्या."

मी गठ्ठा हातात घेतला. सतराच्या सतरा माझी लेकरं, अनोळखी अक्षरांचे कपडे घालून माझ्याकडे परत आलेली. मी एकेक वाचू लागलो. पहिल्यांदाच वाचतोय असा चेहरा करायचा होता, पण म्हशीच्या हरकतीपाशी मला स्वतःचंच कौतुक वाटून गेलं.

"कशी वाटते?" सिस्टरांनी विचारलं.

"भाषा बरी आहे," मी म्हणालो.

"बरी? लय जबरदस्त हाय! वाचून मलेच वाटलं, आपण कोणाचा तरी जीव घेऊन राह्यलो. तुमची स्वतःची बी हाय त्यात, रस्त्याची. ते मी समजू शकते, गाडी घालायले त्रास होते तुमाले."

मी मान खाली घातली. आतून पत्नीने भांडं आपटल्याचा आवाज आला.

नाही म्हणायची ती वेळ होती. मी म्हणू शकलो असतो, की सिस्टर, माझीच हरकत आहे, मी खुलासा कसा लिहू? पण त्या बाकावर बसल्या, पदराने घाम पुसला, आणि मला दिसलं की सतरा हरकतींना एकाच कागदात उत्तर देणं हे काम हरकती लिहिण्यापेक्षा अवघड आहे. अवघड आहे म्हणजे जास्त मजेचं आहे. मी पेन काढलं.

तीन दिवस मी त्या खुलाशावर बसलो; दुपारी गल्ली झोपली की सिस्टर बाकावर येऊन बसायच्या. माझ्या प्रत्येक मुद्द्याचं कच्चं अंग मला ठाऊक होतं, त्यामुळे उत्तरं थेट मर्मावर लागत होती. म्हशीबद्दल लिहिलं, की सदर म्हैस गेली दोन वर्षे भाकड असून तिच्या दुधावर परिणाम होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अनामिक धडधडीबद्दल लिहिलं, की अर्जदार स्वतः परिचारिका असून रक्तदाब मोफत तपासून देण्यास केव्हाही तयार आहे. बारावीच्या मुलीसाठी परीक्षेच्या महिन्यात दुपारी यंत्र बंद ठेवण्याची हमी दिली. माझ्या स्वतःच्या हरकतीपाशी मात्र अडलो. शेवटी लिहिलं, की मंजूर नकाशात हा रस्ता नऊ मीटर आहे, तो अरुंद का झाला याचा शोध कार्यालयाने घ्यावा. लिहिताना मला ते फार चतुर वाटलं.

सिस्टरांनी खुलासा आपल्या अक्षरात उतरवून दिला आणि त्याची प्रत हरकतदारांना गेली. दुसऱ्याच दिवशी कंडक्टरभाऊ कागद फडफडवत आले.

"सर, हे वाचा! ह्या बाईनं कोण्या तरी वकिलाकडून लिहून आणलं. खामगावचा असन, नाही तर थेट नागपूरचा. लय पोहोचलेला माणूस हाय!"

"असं?" मी म्हणालो. "कोणता मुद्दा जास्त लागला?"

"म्हशीचा! ती भाकड हाय हे त्या वकिलाले कसं काय समजलं?"

मी आभाळाकडे पाहिलं. माणसाला आयुष्यात खरी दाद क्वचित मिळते. मला ती शत्रूपक्षाच्या तोंडून मिळत होती, आणि मी शत्रूपक्षातच होतो. भाऊंनी बाकावर बैठक मारली आणि म्हणाले, "आता याले तोडीस तोड उत्तर द्या. त्या वकिलाची जिरवा." मी त्या वकिलाची जिरवायला पुन्हा पेन घेतलं. मला त्याचा थोडा हेवाही वाटत होता, हे कबूल करतो.

नगरपरिषदेत अशा परवानग्या एरवी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने होऊन जातात. पण कागद एवढे वाढले, की हा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचं ठरलं. त्याआधी जागेची पाहणी. पाहणीला नगररचनेच्या इंजिनिअर बाई आल्या. वयाने माझ्या धाकट्या लेकीएवढ्या, मलकापूरहून रोज बसने येणाऱ्या. पाठीवर सॅक, हातात मोजपट्टी आणि आमच्या लेआउटचा जुना नकाशा. सगळी गल्ली बाहेर आली.

त्यांनी सिस्टरांचा प्लॉट मोजला, चारी बाजूंचं अंतर मोजलं, शेड कुठे येणार ते खडूने आखलं. सगळं नियमात बसत होतं. कंडक्टरभाऊंचा चेहरा उतरला. मग बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"आता रस्ता मोजू," त्या म्हणाल्या. "चौथ्या हरकतीत रस्ता अरुंद म्हटलंय. खुलाशात तर म्हटलंय की तो अरुंद का झाला ते शोधा. गिरणीसाठी इथे नऊ मीटर रस्ता लागतो. दोन्ही पक्षांची मागणी आहे, तर मोजायलाच पाहिजे."

तेव्हा कुठे मला कळलं, की मी काय लिहून बसलो आहे.

पट्टी एका टोकाला त्यांनी कंडक्टरभाऊंच्या हातात दिली. भाऊंनी ती कुंपणाला लावायची होती. पण कुंपणाबाहेर त्यांचा ओटा होता, ओट्याबाहेर तीन पायऱ्या, पायऱ्यांबाहेर कपडे धुवायचा दगड.

"भाऊ, पट्टी कुंपणाला लावा," बाई म्हणाल्या.

"लावतो ना. पण हा ओटा मधात येते."

"ओटा नकाशात नाही."

"पण मॅडम, गावात तर हाय ना!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं. पलीकडे माझं घर. माझ्या फाटकाबाहेर स्कूटर चढवायचा सिमेंटचा उतार होता, त्याला लागून जास्वंदीचं कुंपण, आणि कुंपणाला टेकून तो बाक. सतरा हरकती, एक खुलासा आणि एक प्रत्युत्तर, हे सगळं ज्या बाकावर जन्मलं, तो बाक पूर्णपणे सार्वजनिक रस्त्यात होता. बाईंनी त्यावर सॅक ठेवली आणि त्याचीही लांबी-रुंदी मोजली.

नकाशात नऊ मीटर असलेला रस्ता आमच्या घरांमधून साडेसहाच उरला होता. एका घराचं तुळशीवृंदावन, एकाच्या पाण्याच्या टाकीचा चौथरा, म्हैस बांधायचा खुंटासुद्धा रस्त्यातच. बाई घरोघर पुढे सरकल्या तशी गल्ली मागून शांत होत गेली. एकाने पायरीवर गोधडी वाळत घातल्याचं सोंग केलं. म्हशीचा मालक तर म्हैस सोडून कुठे तरी घेऊन गेला, जणू म्हैस नसली की खुंटाही दिसणार नाही. सिस्टरांच्या फाटकाबाहेर काहीच नव्हतं. त्यांची पायरीसुद्धा आतल्या बाजूला होती.

जाताना बाई माझ्यापाशी थांबल्या.

"सर, तुम्ही मराठीचे शिक्षक होतात ना? मला एक शंका आहे. म्हशीच्या हरकतीत 'एतदर्थ' आहे. सिस्टरांच्या खुलाशात पण 'एतदर्थ' आहे. हा शब्द या गावात अजून कोण वापरतं?"

"जुना शब्द आहे," मी म्हणालो. "जुनी माणसं वापरतात."

"असं का," म्हणून त्या बस पकडायला निघून गेल्या.

सभेच्या दिवशी आम्ही सगळे सभागृहात मागच्या खुर्च्यांवर बसलो, बायका आमच्याही मागे. आमचा विषय अकरावा. आधीच्या दहा विषयांत अर्धा दिवस गेला. एका बागेला कोणतं नाव द्यावं, यावर नगरसेवक एवढे तापले, की शेवटी ती बाग अजून झालेलीच नाही याची आठवण नगराध्यक्षा बाईंना करून द्यावी लागली. नगराध्यक्षा मूळच्या कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. कोणाचं बोलणं लांबलं की त्या घड्याळ काढून टेबलावर ठेवत.

अकरावा विषय पुकारला. इंजिनिअर बाईंनी अहवाल वाचला : अर्जदाराची जागा नियमात आहे. रस्ता मंजूर नकाशाप्रमाणे नऊ मीटर. प्रत्यक्षात अतिक्रमणांमुळे साडेसहा. अतिक्रमण करणाऱ्यांची आणि हरकत घेणाऱ्यांची यादी एकच आहे.

सभागृहात हशा पिकला. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक उठले. त्यांना दोन्ही बाजूंची मतं पाहिजे होती, म्हणून ते गिरणीच्या बाजूने बोलले, ओट्यांच्या बाजूनेही बोलले, शेवटी मिरचीच्या पौष्टिकतेवर आले, तेव्हा नगराध्यक्षांनी घड्याळ काढलं.

"हरकतवाले कोण कोण आलेत?" त्यांनी विचारलं. "उभे राहा."

आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. उभं राहावं तर ओटा जातो, बसून राहावं तर गिरणी येते. शेवटी कंडक्टरभाऊ अर्धवट उठले आणि म्हणाले, "मॅडम, आमची रस्त्याची हरकत नाई. रस्ता भरपूर रुंद हाय."

"मग धडधडीचं काय?"

"ते... कमी झाली."

पुन्हा हशा. मी खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकलो. तेवढ्यात लिपिकाने आणखी एक कागद पुढे केला. शेवटच्या दिवशी आलेला, गल्लीतल्या अकरा बायकांच्या सह्यांचा. हा कागद मला माहीतच नव्हता. नगराध्यक्षांनी तो मोठ्याने वाचला.

'आम्हाला दळण घेऊन रेल्वे फाटक ओलांडून पलीकडे जावे लागते. फाटक बंद असले की उन्हात उभे राहावे लागते. डबा दहा किलोचा असतो. हरकत घेणाऱ्यांपैकी एकानेही तो कधी उचललेला नाही. गिरणीला परवानगी द्यावी.'

पहिली सही माझ्या पत्नीची होती.

पाच ओळी. एकही विशेषण नाही. 'एतदर्थ' नाही. मी तीन आठवड्यांत जेवढं लिहिलं होतं, ते सगळं त्या पाच ओळींसमोर ओल्या फटाक्यांसारखं झालं. मी मागे वळून पाहिलं. बायकांच्या रांगेत ती सरळ बसली होती आणि माझ्याकडे न बघता पदर नीट करत होती.

"एक हरकत उरते," नगराध्यक्षा म्हणाल्या. "आवाजाची. सिस्टर, तुम्हाला काही बोलायचंय? पेन्शन आहे तुम्हाला. मग या वयात गिरणी कशासाठी?"

सिस्टर उठल्या. माझा खुलासा त्यांच्या हातात घडी करून होता. त्यांनी तो उघडला नाही.

"मॅडम, तीस वर्सं मी खेड्यात राह्यली. घरी बसलेली मी मले आठवत नाई. कोणी ना कोणी दारात येऊनच राहे. आता दिवसभर मी घरात असते अन् भिंतीवरचं घड्याळ ऐकते. दवाखाना टाकायले मी डॉक्टर नाई. चक्कीवर बाया येतात, डबा ठेवतात, बसतात, बोलतात. या लोकाइची हरकत आवाजाची हाय. मले आवाजच पाह्यजे, म्हणून त अर्ज केला."

सभागृहात कोणी हसलं नाही. मला आठवलं, की सिस्टर तीन दिवस माझ्या बाकावर येऊन बसत होत्या आणि मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्हाला ही गिरणी का पाहिजे. म्हशीची व्यथा मी बारकाईने लिहिली होती.

मग हात वर झाले. पिठाच्या गिरणीला परवानगी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, गल्लीच्या बाजूला जाड भिंत. मिरची कांडपाला घरं लागून असल्याने सध्या नकार. आणि रस्त्यातली सर्व बांधकामं संबंधितांनी एका महिन्यात स्वखर्चाने काढावीत. ठराव मंजूर. नगराध्यक्षांनी बारावा विषय पुकारला, तो मोकाट कुत्र्यांचा होता, आणि आम्ही उठून बाहेर आलो.

पायऱ्यांवर सिस्टर भेटल्या.

"सर, खुलासा चांगला लिहिला होता तुमी," त्या म्हणाल्या. मग चप्पल पायात सरकवत शांतपणे पुढे म्हणाल्या, "हरकती बी चांगल्याच होत्या."

मी काही बोलायच्या आत त्या माझ्या पत्नीबरोबर रिक्षात बसल्या. मी चालत घरी गेलो. रस्ता लांबचा होता, पण तो त्या दिवशी मला कमीच वाटला. घरी जेवायला वाढताना पत्नी एवढंच म्हणाली, "तुमी विचारलं असतं त मी सांगितलं असतं." काय विचारलं असतं, ते मी तेव्हाही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात गल्लीत घणांचे आवाज सुरू झाले. ज्या आवाजाला आम्ही भीत होतो, त्याच्या दुप्पट आवाज आम्ही स्वतःच केला. कंडक्टरभाऊंनी ओटा फोडताना प्रत्येक घावाबरोबर त्या नागपूरच्या वकिलाला शिव्या दिल्या. मी माझा बाक फोडत होतो, आणि माझा घण भाऊंच्या घणापेक्षा हळू पडत होता. जास्वंद उपटून आत लावली, ती जगली. उतार गेल्यावर स्कूटर फाटकातून चढवायला मला दोन फळ्या टाकाव्या लागतात. रस्ता मोकळा झाल्यावर मात्र एकाएकी असा ऐसपैस दिसायला लागला, की पहिले चार दिवस लोक उगीच बाहेर येऊन त्याच्याकडे बघत उभे राहायचे.

गिरणी दिवाळीच्या आधी सुरू झाली. मोटार खामगावहून आणली. उद्घाटनाला सिस्टरांनी कोणाला बोलावलं नाही, नुसतं शटर वर केलं, आणि दुपारपर्यंत दारात डब्यांची रांग लागली. आता दहा वाजता तिकडून जो आवाज येतो, त्यात गिरणीचा आवाज थोडा आणि बायकांचा जास्त असतो. कोणाचा रक्तदाब वाढलाय, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणी गोळ्या मधेच सोडल्यात, हे सगळं सिस्टरांना डबा तोलता तोलता कळतं. कंडक्टरभाऊ रक्तदाब तपासायला आठवड्यातून एकदा जातात. त्यांचा रक्तदाब उत्तम आहे. त्यामुळे ते नाराज असतात.

दळण आणायचं काम आता माझ्याकडे आहे. तशी वाटणी कोणी केली नाही. एका सकाळी डबा दारात भरून ठेवलेला होता, आणि पत्नी आत रेडिओ ऐकत होती. मी तो उचलला. दहा किलो म्हणजे किती, ते कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर समजलं. दोन ठिकाणी मी थांबलो.

रांगेत माझ्या पुढे इंजिनिअर बाई उभ्या होत्या. शेडच्या भोगवटा प्रमाणपत्रासाठी शेवटची पाहणी करून झाली होती. सॅक पाठीला तशीच होती आणि हातात कापडी पिशवीत ज्वारी. मलकापूरला घराजवळची गिरणी बंद पडली, म्हणून आईने इकडेच दळून आण म्हणून सांगितलं, असं त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुमचं आधी देऊ का?" सिस्टरांनी विचारलं. "बस जाईन तुमची."

"नको," बाई म्हणाल्या, "माझा नंबर चौथा आहे." आणि चौथ्याच नंबरला त्यांनी दळण घेतलं.

मग माझा डबा. सिस्टरांनी झाकण काढलं, मूठभर ज्वारी हातात घेतली, एक दाणा दाताखाली धरला, आणि झाकण परत लावलं.

"ही ओली हाय, सर. दगडाले चिकटते. उन्हात वाळवून उद्या आणजा."

"थोडीच तर आहे ओली," मी म्हणालो.

"उद्या आणजा," त्या म्हणाल्या आणि मागच्या बाईचा डबा पुढे ओढला.

मी दहा किलो परत घरी आणली. अंगणात जुनी चादर टाकून त्यावर ज्वारी पसरली, आणि दुपारभर चिमण्या हाकत बसलो.